हेडसेट कुणाच्या डोक्याला?

मागच्या शनिवार-रविवारी इथं काही खरडलं नाही, त्याबद्दल माफी. (कुणी विचारलंही नाही म्हणा!) मी वालूरला गेलो होतो. वालूर कुठे आलं, असं विचारणाऱ्या पुणेकरांसाठी: जिल्हा परभणी, तालुका सेलू. माझं आजोळ. गावात एक जुनी बारव आहे, तिच्या पायऱ्या सरळ खाली न उतरता शंखासारख्या गोल फिरत पाण्याकडे जातात. तिचे वरून काढलेले फोटो व्हॉट्सॲपवर फिरत असतात, कदाचित तुम्हीही पाहिले असतील.

पण मी बारव बघायला गेलो नव्हतो. माझ्या बॅगेत ऑफिसचा व्हीआर हेडसेट होता आणि डोक्यात एक भांडण होतं. हेडसेट सोमवारी परत केला. भांडण अजून शिल्लक आहे, ते इथं पुरं करतो.

तर झालं असं. आमच्या ऑफिसात दरवर्षी हॅकेथॉन असते. चोवीस तास, फुकटचा पिझ्झा, शेवटी बक्षीस. ह्या वर्षी एका टीमने डेमो दिला: अपस्माराच्या पेशंटची चिंता कमी करणारी व्हीआर थेरपी. अपस्मार म्हणजे मिरगी, आपण घरात 'फिट येते' म्हणतो तो आजार. हेडसेट डोक्याला लावायचा, समोर मॉल उभा राहतो, गर्दी वाढत जाते, तुम्ही श्वास मोजत तिथेच थांबायचं. रोज थोडं थोडं. गर्दीत फिट येईल ही धास्ती हळूहळू ओसरते. डेमो झकास होता, खोटं कशाला बोलू. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग प्रश्नोत्तरांत मी विचारलं, "पेशंटच्या गोळ्या नीट चालू आहेत की नाहीत, हे तुमचं ॲप कुठे विचारतं?"

उत्तर आलं, "दॅट इज आउट ऑफ स्कोप."

आउट ऑफ स्कोप! आपल्या धंद्यातला सगळ्यात सोयीचा शब्दप्रयोग. पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. मिळू दे. पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण ज्या पेशंटबद्दल ते बोलत होते त्यातली एक माझ्या ओळखीची आहे. माझी मामेबहीण. मी तिला ताई म्हणतो.

आधी टीमच्या बाजूने बोलतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. ही कल्पना त्यांनी हवेतून काढलेली नाही. 1995 साली अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी उंचीला घाबरणाऱ्या कॉलेजच्या मुलांना संगणकात बनवलेल्या पुलांवर, गच्चीवर, काचेच्या लिफ्टमध्ये उभं केलं आणि त्यांची भीती कमी झाली. तेव्हाचे ग्राफिक्स आठवा, म्हणजे त्या मुलांचं कौतुक वाटेल. 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने शंभर माणसांवर अभ्यास केला. त्यात थेरपिस्टच नव्हता, हेडसेटमधला आभासी शिक्षकच सगळं शिकवत होता. ज्यांना ही थेरपी दिली त्यांची उंचीची भीती सरासरी दोन तृतीयांशाने उतरली. आणि अपस्माराबद्दल म्हणाल तर कॅनडात टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या लोरा ॲपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच करून पाहायला घेतलं. आधी पेशंटनाच विचारलं की तुम्हाला कुठे जायची धास्ती वाटते, आणि मग तसे प्रसंग हेडसेटमध्ये दाखवले. अभ्यास छोटा, प्राथमिक स्वरूपाचा आहे. पण प्रश्न खरा आहे. अपस्मार असलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला उपचार लागावा इतकी चिंता असते. डॉक्टर फिट मोजतात, ही चिंता फारसं कुणी मोजत नाही. तिच्याकडे कुणीतरी बघितलं, हे चांगलंच झालं.

मग माझी तक्रार काय? ती सांगायची तर ताईची गोष्ट सांगावी लागेल. (तिला विचारून लिहितोय. "लिही की, मी काय चोरी केली का?" असं म्हणाली.)

ताईला पहिली फिट आली तेव्हा ती नववीत होती. गावातल्याच एका लग्नात, पंगत बसलेली असताना. मी तेव्हा लहान होतो, पण मला आठवतं की कुणीतरी धावत जाऊन चप्पल आणली आणि तिच्या नाकाला लावली. दुसऱ्याने कांदा फोडला. तिसऱ्याने दातखीळ उघडायला तोंडात चमचा घातला, त्यात दात तुटला. दोन मिनिटांत फिट थांबली, कारण बहुतेक फिट आपोआपच दोन-तीन मिनिटांत थांबते. श्रेय गेलं चपलेला. पुढे वर्षभर देवऋषी, उतारे, गंडे. मग कधीतरी डॉक्टर आणि गोळ्या. गोळ्यांनी फिट थांबल्या. मग सगळ्यांना वाटलं, झालं, बरी झाली. आता लग्न करून टाकू.

सासरी सांगायचं नाही, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत माझे आईवडीलही होते, तेव्हा मी कुणाला नावं ठेवत नाही. ताई गोळ्यांची पट्टी डाळीच्या डब्यात लपवायची. स्वयंपाकघरात कुणी नसेल तेव्हाच गोळी घ्यायची. कधी सासूबाई तिथंच बसलेल्या असायच्या, कधी पाहुणे यायचे, मग त्या दिवसाची गोळी राहायची. पुढे डाळीचा डबा दुसऱ्याच कुणीतरी काढला. चौकशी नको म्हणून तिने गोळ्याच बंद केल्या. अपस्माराची गोळी अशी एकदम बंद करणं हा जीवाशी खेळ असतो. आठ दिवसांत चुलीपुढे बसलेली असताना फिट आली. डाव्या हातावर भाजल्याची खूण अजून आहे. महिन्याभरात तिला वालूरला आणून सोडलं. "फसवलं" म्हणाले.

आता मला सांगा, ह्या बाईच्या मनात चिंता आहे ती 'आजार' आहे का?

इथं माझा मुद्दा सुरू होतो. ऑनकॉल ड्यूटी केलेल्या प्रत्येकाला तो कळेल. रात्री तीनला अलर्ट येतो. कधी तो फॉल्स अलार्म असतो, म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे, फक्त मॉनिटरिंग येडं झालंय. तेव्हा अलर्ट शांत करणं बरोबर. पण डिस्क खरंच भरत आली असेल आणि तुम्ही अलर्ट म्यूट करून झोपलात, तर सकाळी मॅनेजर तुमची आरती करतो. काचेच्या लिफ्टमध्ये घाम फुटणाऱ्या माणसाचा अलर्ट खोटा आहे. लिफ्टची काच फुटणार नाहीये, हे हळूहळू त्याच्या मेंदूला पटवायचं, एवढंच काम. पण जिच्या गोळ्या कधीही बंद पडू शकतात, तिचा अलर्ट खरा आहे. डिस्क भरतेय!

आणि ही काही एकट्या ताईची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यातले जवळपास 80 टक्के आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. नीट निदान आणि औषध मिळालं तर 70 टक्क्यांपर्यंत लोक फिटविना जगू शकतात. पण गरीब देशांतल्या चारपैकी तिघांना हवे ते उपचार मिळत नाहीत. आणि हे औषध काही सोन्याचं नाही. स्वस्तात स्वस्त औषधांचा खर्च वर्षाला 5 डॉलर इतका कमी असू शकतो, असं हीच संघटना सांगते. त्यातलं फेनोबार्बिटल 1912 पासून वापरात आहे, फेनिटॉइन 1938 पासून. म्हणजे आपल्याकडे टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीचं तंत्रज्ञान! कुणाला कोणतं औषध चालेल ते डॉक्टरच ठरवणार, ह्यात वाद नाही. पण मी ऑफिसातून नेलेला हेडसेट तीसेक हजारांचा होता. त्या पैशात स्वस्त औषधावरच्या साठेक माणसांची वर्षभराची गोळी होते. हा भागाकार त्या डेमोच्या एकाही स्लाइडवर नव्हता.

तर मी हेडसेट वालूरला नेला. ताईच्या डोक्याला मात्र लावला नाही, आणि ह्याचं कारण महत्त्वाचं आहे. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फिट येऊ शकणारे काही जण असतात. अपस्मार असलेल्यांत साधारण 3 टक्के, लहान मुलांत आणि तरुणांत जास्त. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश लुकलुकला आणि सहाशेहून जास्त मुलं दवाखान्यात पोचली. त्यातल्या अनेकांना आधी कधी फिट आलेलीच नव्हती. म्हणजे बहुसंख्य पेशंटना हेडसेट चालेलही, पण आपण कुठल्या गटात आहोत हे ईईजी बघून डॉक्टरने सांगायचं. चुलतभाऊ-आतेभाऊ-मामेभावाने नाही. आमच्या डेमोत हाही प्रश्न नव्हता. तोही आउट ऑफ स्कोप असणार.

हेडसेट मामाने लावला, पोरांनी लावला, शेजारच्या आजींनी लावला आणि "अगंबाई, पडते की काय मी!" म्हणून खाटेला धरून बसल्या. ताई लांबून बघत होती. मला म्हणाली, "काय दिसतं रे त्यात?"

मी म्हटलं, "मॉल. मेट्रो. पार्टी. जिथं जायची भीती वाटते ते सगळं."

ती हसायला लागली. "आरे, मला मॉलची कामून भीती वाटंल? त्यात आमच्या गल्लीतल्या बायका दिसतात का? हळदीकुंकवाला गेलं की मुद्दाम चुलीपासून लांब बसवतात अन् मग एकमेकींकडं बघतात, ते दिसतं का?"

दिसत नाही, ताई. दिसत नाही.

येताना ट्रॅव्हल्समध्ये मी तिच्या भीतीची रूट कॉज ॲनालिसिस केली. (सवय, दुसरं काय.) तीन थर निघाले.

पहिला थर फिटचा. विहीर, बारव, चूल, गच्ची, गाडी. ही भीती खरी आहे आणि उपयोगाची आहे. अपस्मार असलेल्या माणसाला बुडण्याचा धोका इतरांपेक्षा खूप जास्त असतो. बारवेच्या गोल पायऱ्यांवर ताई एकटी उतरत नाही, कुणाला तरी सोबत घेते. हे भित्रेपण नाही, हा शहाणपणा आहे. कुठल्याही थेरपीने तो तिच्याकडून काढून घेऊ नये. ह्या थरावर इलाज म्हणजे न चुकणारी गोळी, चुलीऐवजी ओट्यावरचा गॅस आणि आंघोळीला दाराची कडी न लावणं.

दुसरा थर लोकांचा. लग्न मोडेल, नोकरी जाईल, पोरांना तिच्याजवळ बसू देणार नाहीत. हीसुद्धा खोटी भीती नाही, तिच्या बाबतीत हे घडून गेलंय. गंमत बघा, 1976 साली हिंदू विवाह कायद्यात असं घातलं गेलं की वारंवार अपस्माराचे झटके येणाऱ्याचं लग्न कायद्याच्या अटीत बसत नाही. 1999 साली दुरुस्ती करून तो शब्द काढून टाकला. म्हणजे कायद्याला पॅच मिळून पाव शतक उलटलं. समाजाच्या सर्व्हरवर तो अजून इन्स्टॉल व्हायचाय! पुण्यात यशोदा वाकणकर यांनी, स्वतः ह्या आजारातून गेलेल्या असल्यामुळे, 'संवेदना' हा अपस्माराचा स्वमदत गट उभा केला. आजार लपवू नका, सांगून लग्न करा, हे तिथं शिकवतात. ताईच्या लग्नाआधी असा एखादा गट परभणीत कुणी दाखवला असता तर डाळीच्या डब्याची वेळ आली नसती.

तिसरा थर म्हणजे उरलेली भीती. लग्न मोडल्यावर मामाने ताईला नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या नव्याने बसल्या. तीन वर्षं एकही फिट नाही. तरी ती एकटी एसटीत बसत नव्हती. सेलूला जायचं म्हटलं की छातीत धडधड, हाताला मुंग्या, आणि मग "फिट येणार" म्हणून घरी परत. हा मात्र फॉल्स अलार्म. इथं, फक्त इथं, तुमच्या थेरपीचं काम आहे.

आणि ते काम हेडसेटशिवायही होतं. एका समुपदेशक बाईंनी तिला फोनवरून वहीत यादी करायला लावली. सगळ्यात कमी भीतीचं खाली, सगळ्यात जास्त भीतीचं वर. अगदी शिडीसारखं. पहिल्या आठवड्यात फक्त स्टँडवर जाऊन बसायचं आणि परत यायचं. मग मामीबरोबर सेलूपर्यंत. मग त्याच गाडीत मामी मागच्या सीटवर. मी गेलो तेव्हा ती ह्या पायरीवर होती. पर्समध्ये एक चिठ्ठी असते: मला फिट येते, घाबरू नका, कुशीवर वळवा, ह्या नंबरवर फोन करा. व्हीआर जे करतं तेच हे आहे, फक्त ग्राफिक्स जरा जास्त चांगले. धूळ, शेंगदाण्याची टरफलं, कंडक्टरची घंटी, सगळं ओरिजिनल!

आता तुमचे आक्षेप. मला माहितीयत, कारण हे सगळं मी कँटीनमध्ये ऐकून झालोय.

"तू तंत्रज्ञानाच्या विरोधात आहेस." मी? माझं पोट त्यावर भरतं. बंगळुरात किंवा टोरोंटोत ज्याच्या गोळ्या नीट चालू आहेत आणि तरी ज्याला घराबाहेर पाऊल टाकवत नाही, त्याला हेडसेट जरूर द्या. ज्याच्या गावात समुपदेशकच नाही, त्याला एक दिवस तो फार उपयोगी पडेल, हेही मान्य.

"दोन्ही कामं समांतर चालू शकतात." चालू शकतात, पण चालत नाहीत ना! डिपेंडन्सी इन्स्टॉल केल्याशिवाय पॅकेज चालवून बघा, काय एरर येते ती. गोळी ही डिपेंडन्सी आहे. 2022 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अपस्मार आणि मेंदूच्या इतर आजारांसाठी 2031 पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला. त्याचा भर औषधं, निदान आणि कलंक घालवणं ह्यांवर आहे. मुंबईची एपिलेप्सी फाउंडेशन ग्रामीण महाराष्ट्रात सरकारी आरोग्य यंत्रणेबरोबर मिरगीची शिबिरं भरवते, तपासते, गोळ्या देते. तिथं कुणी हॅकेथॉन भरवत नाही. कंटाळवाणं काम आहे ना ते.

"पण चिंतेमुळे झोप जाते, झोप गेली की फिट वाढते. मग आधी चिंताच कमी करायला नको?" हा आक्षेप मात्र तगडा आहे. चिंता, जागरण, चुकलेली गोळी आणि फिट हे एकमेकांना ढकलत राहतात, हे खरं. म्हणूनच मी म्हणत नाही की चिंतेवर उपचार नकोत. मी म्हणतो, पेशंटला आधी विचारा की ही भीती कसली, आणि गोळी आहे की संपली. 14416 ह्या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलणारं माणूस फुकट मिळतं. त्याला हेडसेट लागत नाही.

आणि हेडसेट बनवायचाच असेल, तर तो दुसऱ्याच्या डोक्याला लावा. सासूच्या, मास्तरांच्या, कंडक्टरच्या, आमच्या एचआरच्या. त्यात दाखवा की शेजारी बसलेल्या बाईला फिट आली. चप्पल शोधायला धावलात तर लाल फुली. तोंडात चमचा घातला तर लाल फुली. हातपाय दाबून धरले तर लाल फुली. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला केल्या, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवलं, कुशीवर वळवलं, घड्याळ लावलं आणि शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसलात तर हिरवी खूण. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा मध्ये शुद्धीवर न येता दुसरी आली, तर 108. आणि शेवटचा सीन: तिला उठवून पाणी विचारायचं आणि तिच्याकडे पहिल्यासारखंच बघायचं. हा सीन जमेपर्यंत गेम ओव्हर नाही. भीती पेशंटच्या डोक्यात आहे असं आपण धरून चाललोय. तिच्या भीतीचा मोठा हिस्सा आपल्या नजरेत आहे, मग ट्रेनिंग तिला का?

असो. पुराण लांबलं.

काल रात्री ताईचा फोन आला. ती एकटी सेलूला जाऊन आली. मामी मागच्या सीटवर नव्हती, घरीच होती, आणि दर दहा मिनिटांनी फोन करून तिचं डोकं खात होती. मी विचारलं, "कशाला गेली होतीस?"

"माझ्या गोळ्या आणायला."

मी खूश. म्हटलं, आणल्यास?

"कुठं रे! त्या पॉवरची पट्टी संपलीय म्हणे दुकानात. आठवडाभराच्या हायत घरात, पण वाट कशाला बघायची. उद्या या म्हणला. जाते की उद्या परत."